एकटीने चार दिवस, शांत कुठे जायचं?

प्रश्न असा आहे: मी ४४ वर्षांची, राहते ठाण्यात, नोकरी सहकारी बँकेत. मार्चअखेरची धावपळ संपली की एप्रिलमध्ये चार-पाच दिवस एकटीनेच कुठेतरी जायचंय. काही बघायचं नाही, नुसता आराम. गाडी चालवत नाही. खर्च पंधरा हजारांच्या आत बसावा. मैत्रिणी कोकण म्हणतात, नवरा महाबळेश्वर म्हणतो, सासूबाई म्हणतात एकटीने जायचंच कशाला. होमस्टे बरा की रिसॉर्ट? आणि विपश्यना कशी राहील?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातला एक रविवार धरा, त्या दुपारी माथेरानला चढा आणि गुरुवारी उतरा. समुद्राशिवाय सुटी वाटतच नसेल तर सिंधुदुर्गात भोगवे-निवतीच्या बाजूला जा, पण रेल्वेने. महाबळेश्वर या खेपेला नको. विपश्यना तर आत्ता मुळीच नको.

सहली आखून देणं हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा. कुटुंबांच्या आणि ऑफिसांच्या सहली करता करता अलीकडे एकट्या जाणाऱ्यांचे फोन वाढलेत, आणि त्यात बायका जास्त. बहुतेकींचा पहिला प्रश्न असतो, ‘तिथे बघण्यासारखं काय आहे?’ आरामाला जायचंय म्हणतात आणि सवयीने हेच विचारतात. तुम्ही ‘काही बघायचं नाही’ असं आपणहून लिहिलंत, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं असं, की जागा ठरवण्याआधी स्वतःला विचारायचं: दुपारी बारा ते चार मी तिथे कुठे बसेन?

सकाळ कुठेही बरी जाते. संध्याकाळला चहा असतो, सूर्यास्त असतो, चार पावलं चालणं असतं. सुटी फसते ती दुपारी. जेवण झालेलं, बाहेर ऊन, खोलीत एक पलंग आणि एक टीव्ही, खिडकी उघडावी तर समोर शेजारच्या खोलीच्या एसीचा डबा घरघरतोय. अशा खोलीत दोन दुपारी काढल्या की माणूस तिसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून जवळपासची देवळं करायला निघतो, आणि घरी येतो तेव्हा गेला होता त्याहून जास्त दमलेला असतो. म्हणून मी खोलीच्या आधी व्हरांडा बघते. सावलीचा, तुमचा एकटीचा, आणि त्यात पाठ टेकून बसता येईल अशी हाताची खुर्ची. झोपाळा असेल तर सोन्याहून पिवळं. एसी, टीव्ही, वायफाय, गालिचे हे सगळं त्यानंतर.

आता तुमचा थकवा कुठला ते बघू, कारण जागा त्यावरून ठरते. अंगमेहनतीने दमलेला माणूस कुठेही झोपतो, त्याला जागा निवडून द्यावी लागत नाही. बँकेत मार्चअखेरला जे होतं ते वेगळं. दिवसभर माणसं समोर, फोन चालू, आकडे जुळत नाहीत, आणि घरी आलं की ‘आज भाजी काय?’ म्हणजे माणसांचा कंटाळा आणि ठरवण्याचा कंटाळा, दोन्ही. अशा माणसाला रोज ‘आज कुठे जेवायचं’ हे ठरवावं लागणारं ठिकाण द्यायचं नाही. चहा, नाश्ता, दोन्ही जेवणं ठरल्या वेळी समोर आली पाहिजेत. आणि अति जिव्हाळ्याचं ठिकाणही द्यायचं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

महाबळेश्वर मी कापलं ते याच कारणासाठी. हवा एप्रिलमध्ये उत्तमच, साडेतेराशे मीटरवरचं गाव ते. पण ठाण्याहून एसटीने वा खासगी बसने सहा-सात तास, गावात उतरलं की बाजारपेठ, आणि शांत बंगले सगळे गावाबाहेर, म्हणजे प्रत्येक वेळी टॅक्सी आली. टॅक्सी आली की टॅक्सीवाल्याचे पॉइंट आले. स्वतःची गाडी असणाऱ्याला मी सुचवलं असतं.

माथेरान ऐकून तुमचा चेहरा पडला असेल, हे मला दिसतंय. शाळेची सहल, चपला, चिक्की, घोड्यांचा वास आणि शनिवारी दस्तुरी नाक्यावर गाड्यांची रांग. हे सगळं खरं आहे, पण ते शनिवार-रविवारचं माथेरान. सोमवार ते गुरुवारचं गाव निराळं. तिथे दस्तुरीच्या पुढे मोटारी जात नाहीत. रुग्णवाहिका, छोटी रेल्वेगाडी आणि मोजक्या ई-रिक्षा सोडल्या तर इंजिन म्हणून काही वाजत नाही, आणि हॉर्न नसणं म्हणजे काय हे घोडबंदर रोडवरून रोज जाणाऱ्या माणसाला पहिल्या तासाभरात कळतं. गाव आठशे मीटरवर, अंगावर दाट झाडी, त्यामुळे एप्रिलच्या दुपारीही रस्त्यांवर सावली असते. गंमत म्हणजे १८५० साली हे ठिकाण पुढे आणलं ते ह्यू मॅलेट यांनी, आणि ते होते ठाण्याचेच कलेक्टर. उन्हाळ्यात ठाणेकराने वर पळून जायची परंपरा जुनीच आहे.

जायचं कसं तेही तुमच्यासाठी सोपं. ठाण्याहून कर्जत लोकल, नेरळला उतरायचं, साधारण सव्वा तास. स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी दस्तुरीपर्यंत नेते. तिथे प्रवेशाची पावती फाडायची. पुढे अमन लॉज स्टेशनपासून माथेरान बाजारापर्यंत रुळांवरची छोटी गाडी जाते, ती पकडायची, नाहीतर पाऊण तास चालायचं आणि सामान हमालाकडे द्यायचं. नेरळहून थेट वर जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची, फार सुंदर, पण तिच्या तिकिटाच्या मागे या खेपेला लागू नका. तिकीट मिळवण्याची धडपड हीसुद्धा धडपडच.

रविवारी दुपारीच का, तर त्या वेळी अख्खं गाव खाली उतरत असतं. दुपारी तीनच्या सुमाराला दस्तुरीला उभं राहिलं की दिसतं: लाल धुळीने गुडघ्यापर्यंत माखलेले पाय, झोपलेली पोरं खांद्यावर, हातात चिक्कीच्या पिशव्या, प्रत्येकाला टॅक्सीची घाई. वर जाणारे बोटांवर मोजण्याइतके. खोल्यांचे दरही रविवार रात्रीपासून उतरतात. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा लोंढा सुरू होतो, त्याच्या आत गुरुवारी निघायचं. शुक्रवार घरी कपडे धुवायला, आणि शनिवारी बँकेला सुटी असेल तर थेट सोमवारी कामावर.

एप्रिलचा पहिला पंधरवडा का, तर राज्य मंडळाच्या शाळांच्या परीक्षा तेव्हा चालू असतात किंवा तोंडावर असतात, त्यामुळे कुटुंबं घरात अडकलेली असतात. परीक्षा संपल्या की पुढे जूनपर्यंत कुठलंही थंड हवेचं ठिकाण हे लोकल स्टेशनच समजा. मात्र कॅलेंडर उघडून बसा. रामनवमी, महावीर जयंती, गुड फ्रायडे आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती यांतलं काही सोमवारी किंवा शुक्रवारी आलं असेल, तर तो आठवडा सोडून द्या. तुम्ही बँकेतल्या, जोडून येणाऱ्या सुट्या तुम्हाला तोंडपाठ असणार. फरक इतकाच, की या वेळी त्या टाळायला वापरायच्या.

चार रात्रींपेक्षा कमी करू नका. दोन रात्रींची विश्रांती हा प्रकार मला कधी कळलेला नाही. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं कारणही दाखवलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहाऱ्यावर असल्यासारखा, आणि बारीकशा आवाजालाही सावध होतो. म्हणजे रविवारची रात्र हिशेबात धरायचीच नाही. सोमवारी बऱ्याच जणांचं डोकं जड असतं, उगाच चिडचिड होते, ‘कशाला आले’ असं वाटतं. सोमवारच्या त्या जड डोक्याने परतीचं तिकीट बघायचं नाही, एवढं पाळा. मंगळवारपासून सुटी लागते. घरची उशी किंवा निदान उशीचा अभ्रा बरोबर न्या. किरकोळ वाटतं, पण घरच्या अभ्र्यावर डोकं लवकर टेकतं. आणि दोन गावांत दोन-दोन रात्री असला मोह अजिबात नको. बॅग एकदाच उघडायची आणि एकदाच भरायची.

आता खोली. हा भाग नीट वाचा, कारण गाव चुकलं तरी निभावतं, खोली चुकली की निभावत नाही. ऑनलाइन फोटो बघा, पण खोली पक्की करण्याआधी फोन कराच, आणि बुकिंग घेणाऱ्या मुलाऐवजी मालकाशी किंवा मॅनेजरशी बोला. पहिला प्रश्न: ‘त्या तारखांना तुमच्याकडे कुठला ग्रुप आहे का?’ हा एक प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांवर भारी आहे. माझ्या ओळखीच्या एक मुख्याध्यापिका आठवड्याच्या मधोमध, ऐन बिगरमोसमात एका रिसॉर्टला गेल्या. गर्दी नसणार म्हणून निर्धास्त होत्या. त्याच दोन दिवसांत तिथे एका कंपनीचे विक्री प्रतिनिधी प्रशिक्षणाला आलेले. दिवसा माइकवर घोषणा, रात्री डीजे. बाईंनी दोन्ही रात्री स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत काढल्या, तीही मॅनेजरला दया आली म्हणून. बिगरमोसमात जागा रिकाम्या असतात म्हणूनच कंपन्यांना त्या स्वस्तात मिळतात, हे लक्षात ठेवा. विचारलं तर मालक सहसा खोटं बोलत नाहीत. न विचारता मात्र कोणी सांगत नाही.

पुढचे प्रश्न खोलीच्या जागेचे. पाण्याचा पंप कुठल्या बाजूला आहे? तो पहाटे पाचला सुरू होतो आणि भिंतीतून ऐकू येतो. जनरेटर कुठे? स्वयंपाकघर कुठे? पहाटे भांडी आपटतात, रात्री अकरापर्यंत घासतात. कोपऱ्यातली, शेवटची खोली मागा. वरचा मजला मागा, म्हणजे डोक्यावर खुर्च्या सरकणार नाहीत. लाईट गेली तर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का, हेही एप्रिलमध्ये विचारायलाच हवं. आणि पोहण्याचा तलाव आहे का ते विचारा. असेल तर सरळ दुसरी जागा बघा. तलाव म्हटलं की पोरं, किंचाळणं आणि त्यावर लावलेली गाणी, हे ओघानेच आलं. तुम्हाला त्याचा उपयोग काय? लोकांचे अभिप्राय वाचताना तारे मोजू नका, शब्द शोधा. ‘फुल धमाल’, ‘डीजे नाइट’, ‘बॉनफायर’, ‘मुलांनी खूप एन्जॉय केलं’ हे दिसलं की पुढे चला. ‘इथे करण्यासारखं काही नाही, बोअर झालो’ असं एखाद्याने रागावून लिहिलं असेल तर तो पत्ता टिपून ठेवा.

होमस्टे की रिसॉर्ट, याचं उत्तर स्वभावावर आहे. घरगुती जागा स्वस्त, जेवण चांगलं, आणि एकट्या बाईला सुरक्षितही, कारण मालकाचं कुटुंब तिथेच राहतं. पण मघाशी म्हटलं तो जिव्हाळा आडवा येतो. ‘एकट्याच आलात? मिस्टर नाही आले? मुलं किती? बरं मग काही टेन्शन वगैरे आहे का?’ हे प्रश्न काकू वाईट हेतूने विचारत नाहीत. पण तुम्ही माणसांना कंटाळून तिकडे गेलेल्या असता, आणि दुसऱ्या दिवशी त्या तुम्हाला शेजारच्या लग्नाच्या केळवणाला घेऊन जातात. यावर माझा एक ठरलेला उपाय आहे. बुकिंगच्या फोनवरच सांगून टाकायचं, ‘मला डॉक्टरांनी आराम सांगितलाय, मी फारशी बोलणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. जेवण वेळेवर मिळालं की पुरे.’ डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे कोणी पुढे विचारत नाही. मग काकू दारावर टकटक न करता ताट झाकून ठेवतात, असा अनुभव आहे.

माथेरानला मात्र तुमच्यासाठी लहान, जुनं, दहा-पंधरा खोल्यांचं हॉटेल बरं, दोन्ही जेवणं धरून पैसे घेणारं, बाजारापासून दहा-पंधरा मिनिटं आत. बाजाराला लागून असलेलं घेऊ नका. दर ऐकताना कान उघडे ठेवा: तिथले बरेच दर ‘पर पर्सन’ सांगतात, पण ते एका खोलीत दोघं राहणार असं धरून. एकटीला पूर्ण खोलीचे पैसे लावले जातात आणि ते पोचल्यावर कळतं. ‘सिंगलचा रेट काय, दोन्ही जेवणं, चहा, नाश्ता, टॅक्स सगळं धरून?’ असं एका दमात विचारा आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. निम्म्यावर कोणी येणार नाही, पण मधल्या वारी एका माणसाचं जेवण वजा करायला सगळे तयार होतात. साध्या, स्वच्छ जागेचे दिवसाला अडीच ते साडेतीन हजार धरा. पंधरा हजारांत प्रवास, हमाल आणि परतीची चिक्की धरून हे बसावं.

एकट्या माणसाला खोली नाकारण्याचा प्रकार अजून सर्रास आहे, आणि तो फक्त बायकांच्या वाट्याला येत नाही, एकट्या पुरुषालाही नाकारतात. काही लॉजवर, आणि बऱ्याच देवस्थानांच्या भक्त निवासांत तर नियमच असतो. कारण कोणी तोंडावर सांगत नाही. एकटा माणूस जिवाचं बरंवाईट करून घेईल आणि पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही ती भीती. म्हणून पावस, गोंदवलं अशा शांत ठिकाणी जायचं मनात असेल तर आधी फोन करून ‘एकटीला खोली मिळते का’ एवढं विचारून घ्या, आत्तापुरता नियम काय आहे ते तेच सांगतील. नाहीतर रात्री आठला बॅग घेऊन ऑफिससमोर उभं राहावं लागतं. हॉटेलला फोन करतानाही ‘मी एकटीच येणार आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. समोरचा क्षणभर गप्प झाला, तर ती जागा तुमची नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते. उजेडात पोचा. दाराला आतून कडी हवी, नुसतं फिरवायचं कुलूप पुरत नाही, कारण त्याची दुसरी किल्ली काउंटरवर असते. निर्जन फार्महाउस, जिथे रात्री फक्त राखणदार असतो, ते फोटोत कितीही देखणं असलं तरी नको. रात्री आठला घरी एक फोन ठरवून ठेवा आणि बाकी वेळ फोन कपाटात टाका. घरच्यांना सांगा की आठचा फोन आला नाही तरच काळजी करायची, व्हॉट्सअॅपच्या निळ्या खुणा बघत बसायचं नाही. अडचणीला ११२, रेल्वेत १३९. आणि संध्याकाळी पॉइंटवर गेलात तर अंधार पडायच्या आत परत फिरा. माथेरानच्या जंगलातल्या वाटा दिवसा सरळ वाटतात, रात्री सगळ्या सारख्याच दिसतात.

समुद्रच हवा असेल तर. कोकण हे एप्रिलमध्ये सुंदर आणि घामट दोन्ही असतं. हापूसचा हंगाम, करवंदं, काजू, ताजा बांगडा, सोलकढी, सगळं खरं, पण दुपारी अकरा ते चार बाहेर पाय ठेववत नाही, म्हणून तिथे माझा व्हरांड्याचा नियम दुप्पट कडक. माडाच्या सावलीत, वारा लागेल अशी ओटी असलेलं घर बघा. गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली टाळा. गर्दी मधल्या वारीही असते, आणि पाण्यातल्या खेळांच्या बोटी दिवसभर घरघरतात. त्यापेक्षा मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदीच्या पलीकडे भोगवे, निवती, खवणे ही गावं बघा, किंवा देवगडजवळ मिठबाव, किंवा राजापूर तालुक्यात आंबोळगड. पाहण्यासारखं फार नाही, म्हणून अजून बरी राहिली आहेत.

रस्त्याने जाऊ नका. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय आणि त्यावर आणखी काही लिहून माझा रक्तदाब मला वाढवायचा नाही. कोकणकन्येने रात्री ठाण्याला बसलात की सकाळी कुडाळ. तिथून भोगवे रिक्षाने तासाभराच्या वाटेवर. होमस्टेवाल्यालाच रिक्षा पाठवायला सांगा, भाडं आधी ठरतं आणि माणूस ओळखीचा असतो. अडचण एकच, आरक्षण. आता ते ६० दिवस आधी उघडतं आणि उन्हाळ्यात काही मिनिटांत भरतं. एप्रिलचं तिकीट हवं असेल तर फेब्रुवारीतच सकाळी आठला बसावं लागेल. ते जमलं नाही तर तत्काळच्या भरवशावर कोकण आखू नका, माथेरानच करा.

कोकणातल्या घरवाल्याला एक जादा प्रश्न विचारायचा: ‘त्या आठवड्यात गावात काय आहे?’ जत्रा, हरिनाम सप्ताह, लग्न हे तर आहेच. कुणकेश्वर महाशिवरात्रीला, गणपतीपुळं अंगारकीला कसं असतं ते तुम्हाला माहीतच असेल. पण एप्रिल-मेमधला खरा शत्रू म्हणजे टेनिस बॉल क्रिकेटची प्रकाशझोतातली स्पर्धा. मुंबईकर गावी यायला लागले की वाडीवाडीच्या स्पर्धा सुरू होतात. मळ्यात चार खांबांवर हॅलोजन लावलेले, कर्णा झाडावर बांधलेला आणि त्यावर एक उत्साही माणूस रात्री उशिरापर्यंत प्रत्येक चेंडूचं वर्णन करतोय, मधूनच ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रोख पाचशे एक’. कायद्याने रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, २००० सालच्या नियमांपासून आहे, पण अंतिम सामना दहाला संपल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मला स्वतःला ते वर्णन फार आवडतं. झोपायला गेलेल्या माणसाला ते आवडेलच असं नाही.

आणि समुद्रात एकटीने पोहायचं नाही. पाणी गुडघ्यापर्यंत, त्याच्या पुढे नाही. आडबाजूच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, वाचवायला धावणारंही कोणी नसतं. भरती-ओहोटीच्या वेळा सकाळी घरमालकाला विचारून घ्यायच्या.

विपश्यनेबद्दल. इगतपुरीचं धम्मगिरी ठाण्याहून जवळ, दहा दिवसांचं शिबिर, फी नाही, ज्याने त्याने आपल्या इच्छेने दान द्यायचं, म्हणून पुष्कळ दमलेली माणसं तिकडे वळतात. पण ती विश्रांती नाही, ती मेहनत आहे. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, मौन, फोन पहिल्याच दिवशी जमा, आणि नव्या साधकाला संध्याकाळी पाचला फळ-चहा, त्यानंतर काही नाही. मधून उठून जायचं नाही अशी कबुली आधी घेतात. चांगली गोष्ट आहे, पण ताज्या मनाने करायची. मार्चअखेरचा शीण घेऊन गेलात तर तिसऱ्या दिवशी गुडघे आणि आठवणी एकदमच दुखायला लागतील. शिवाय तुमच्याकडे दिवस आहेत पाच.

नुसतं बसवत नाही, कोणीतरी वेळापत्रक आखून दिलेलं बरं, असा स्वभाव असेल तर मधला मार्ग आहे. लोणावळ्याचं कैवल्यधाम, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलेलं, किंवा पुण्याजवळ उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम, गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला. योग, मालिश, साधं जेवण, रात्री लवकर दिवे बंद. या जागांचा मोठा फायदा असा की तिथे एकट्याने येणं हीच रीत आहे. जेवणाच्या टेबलावर ‘एकट्याच का?’ असं कोणी विचारत नाही, फार तर ‘तुम्हाला कुठला त्रास?’ असं विचारतात. जागा लवकर भरतात, म्हणून दोन-तीन महिने आधी बोला. उरुळीच्या जेवणाची चव मात्र आजारी माणसाला सोसेल अशीच असते, झणझणीत खाणाऱ्याने मनाची तयारी करून जावं.

सासूबाईंना काय सांगायचं, हे माझ्या धंद्यात बसत नाही, पण तुम्ही विषय काढलाय म्हणून सांगते. ‘मला एकटीला वेळ हवाय’ हे वाक्य घरात भांडणासारखं ऐकू येतं. त्याऐवजी जागेचं नाव, मालकाचा नंबर, जायची-यायची गाडी हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ठिकाण ठरलेलं दिसलं की निम्मे प्रश्न गळतात. माथेरानचा इथे आणखी एक फायदा: काही झालं तर नवरा तीन तासांत वर पोचू शकतो, हे त्यांनाही कळतं. आणि चार दिवसांच्या भाज्या चिरून, डबे भरून, चिठ्ठ्या लावून निघणार असाल तर कृपा करा. शनिवारी मध्यरात्रीपर्यंत पोळ्या लाटून रविवारी निघणाऱ्या बायका मी बघते. त्यांचे सुटीचे पहिले दोन दिवस त्या पोळ्यांचा शीण काढण्यात जातात.

सामान कमी. दोन सुती पोशाख, बंद बूट (लाल धूळ चपलेत शिरते), टॉर्च, कानात घालायचे बोळे, डासांचं मलम, आधार कार्ड. पुस्तक एकच, तेही आधी वाचलेलं असलं तर उत्तम, म्हणजे संपवायचं ओझं राहत नाही. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माथेरानची माकडं ती हिसकावून नेतात आणि खोलीची खिडकी उघडी दिसली तर आत येऊन कपाटही बघतात. दुपारी झोपताना जाळीची खिडकी लावून घ्या.

गुरुवारी उतरताना सकाळची घाई नको. अकराच्या पुढे नेरळला पोचा. सकाळच्या कर्जतहून येणाऱ्या लोकलमध्ये बदलापूर-अंबरनाथपासून पाय ठेवायला जागा नसते, आणि चार दिवसांची कमाई कल्याणच्या आत संपते. दुपारच्या गाडीत खिडकी मिळते.